तारेतली वाट

पाऊस लागला की बोगदा भरायचा, यात नवं काहीच नव्हतं. मागच्या साली भरला, त्याच्या आदल्या साली भरला. रस्ता करणारांनी तो खोदलाच ओढ्याच्या पोटात, मग तो भरणार नाही तर काय करणार. पण यंदा श्रावणात पावसानं जी बैठक मारली, ती उठायचं नावच घेईना. पंधरा दिवस झाले, बोगद्यात कमरेइतकं पाणी आणि त्याच्याखाली गुडघाभर गाळ. वरती सहापदरी सिमेंटचा महामार्ग मात्र असा, की एक थेंब थांबेल तर शपथ. कुठून कुठं जाणाऱ्या गाड्या सूंऽ करून निघून जायच्या. खाली कुणाचं रान आहे, कुणाचं गाव आहे, त्यांना काय त्याचं.

उषाबाईचं घर रस्त्याच्या अलीकडं आणि साडेतीन एकर रान पलीकडं. पूर्वी भाकरीचं फडकं डोक्यावर घेऊन ती घरातून निघाली की भाकरी ऊन असतानाच रानात पोचायची. महामार्गानं शिवाराचे उभे दोन तुकडे केले. गेलेल्या जमिनीचा मावेजा मिळाला, त्यात घरावर स्लॅब पडला, थोरल्या पोरीचं लगीन झालं. उषाबाई ते कधी नाकारायची नाही. पण बोगदा दिला तो गावापासून कोसभर लांब. तिथवर जा, खालून पलीकडं निघा आणि पुन्हा तेवढंच मागं या, तेव्हा कुठं आपलं रान. आणि घराच्या दारातून पाहावं तर आपल्या आखाड्यावरचं, म्हणजे रानातल्या गोठ्यापाशी असलेलं, लिंबाचं झाड डोळ्यासमोर, हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. जीव नुसता चरफडायचा.

म्हणून तिच्या नवऱ्यानं, कारभारीनं, आषाढातच तार कापली. इथं रस्ता जमिनीच्या बरोबरीनं चालला होता, त्यामुळं कडेला लोखंडी कठडा नव्हता, फक्त छातीइतकी उंच जाळी. पक्कड घेऊन तो गेला, दोन खांबांमधली जाळी एका अंगानं सोडवली आणि दारासारखी उघडता-मिटता येईल अशी करून ठेवली. आकडा अडकवून दिला की लांबून बिलकुल कळायचं नाही. अलीकडं एक, पलीकडं एक, अशा दोन वाटा त्यानं केल्या. साठीचा माणूस, बोलायला कंजूष, पण हातात अवजार आलं की त्याचं डोकं असं चालायचं. आणि गंमत बघा, ती तार ज्यानं राखायची तो या दोघांचाच पोरगा होता.

पप्पू सव्वीस वर्षांचा. दीड वर्षापासून महामार्गाची देखरेख करणाऱ्या एका ठेकेदाराकडं लागला होता. केशरी जाकीट, मोटरसायकल आणि अकरा किलोमीटरची हद्द. रोज सकाळी तार बघत जायची, ठिकठिकाणी फोटो काढून सुपरवायझर रामप्रसादला मोबाईलवर पाठवायचे, तुटली असेल तिथं त्याच दिवशी जोडायची आणि संध्याकाळी वहीत सही करायची. या नोकरीकडं बघूनच भोकरदनकडच्या पाव्हण्यांनी आपली पोरगी, दैवशाला, दाखवायची तयारी केली होती. नुसत्या शेतीवाल्या पोराला पोरगी देतो कोण आजकाल. पोळा झाला की बोलणी करायला यायचं ठरलं होतं.

बापानं केलेली वाट पप्पूच्या पहिल्याच आठवड्यात ध्यानात आली. जोडली. दुसऱ्या दिवशी बापानं सोडवली. पप्पूनं पुन्हा जोडली, बापानं पुन्हा सोडवली. रात्री दोघं मांडीला मांडी लावून जेवायला बसायचे आणि तारेबद्दल एक शब्द काढायचे नाहीत. उषाबाई दोघांना वाढत राहायची.

त्यात मूग तोडायला आला आणि पाऊस उघडेना. शेंगा झाडावरच भिजून काळ्या पडायला लागल्या, काहींना तर कोंब फुटले. उषाबाई साडी गुडघ्यावर खोचून, डोक्यावर रिकाम्या पोत्याची खोळ घेऊन दिवसभर वाकून शेंगा तोडायची. बोटं पांढरी पडून सुरकुतायची आणि टाचेच्या भेगांत चिखल भरून आग व्हायची. दिवस कलला की गाठोडं बांधायचं आणि दोघांनी तारेपाशी येऊन उभं राहायचं. ओलांडायची रीत ठरलेली होती. कारभारी डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, कान द्यायचा. उतारापलीकडची गाडी दिसायच्या आधी ऐकू येते, हे त्याला कळलं होतं. तो "हं" म्हणाला की पाऊल टाकायचं. पळायचं नाही, डोक्यावर ओझं घेऊन पळालं की पाय घसरतो. तीन पदर, मग मधला झाडांचा पट्टा, तिथं कण्हेरीआड दम खायचा आणि पुन्हा तीन पदर. एकदा त्याचा कान चुकला. उषाबाईच्या पाठीला जोराचा वारा लागला, गाठोडं कलंडलं, आणि पांढरी गाडी पार पुढं गेलेली दिसली तेव्हा तिला कळलं की वारा कशाचा होता. 

मग एका दुपारी ती एकटीच गाठोडं घेऊन अलीकडच्या तारेतून बाहेर पडली आणि समोर जीप उभी. रामप्रसाद खाली उतरला, मागं मोटरसायकलवर पप्पू. रामप्रसाद काही वाईट माणूस नव्हता, त्याच्या डोक्यावरही कुणी साहेब होताच. त्यानं तिला जागच्या जागी थांबवलं, गाठोडं तसंच डोक्यावर ठेवून सरळ उभं राहायला लावलं आणि मोबाईलनं तिचा फोटो काढला. वर पाठवावा लागतो म्हणाला. फोटो हलला म्हणून दुसरा काढला. शेंगांचं काळं पाणी तिच्या कपाळावरून डोळ्यात उतरत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. ही बाई कोण, ओळखीची आहे का, असं त्यानं पप्पूला विचारलं.

पप्पूनं तिच्याकडं पाहिलंच नाही. "गावातली असंल कुणी," तो म्हणाला. "चला बाई, व्हा बाजूला."

उषाबाई बाजूला झाली. वाटेनं चालताना तिला पोराचा राग आला नाही, उलट बरी अक्कल चालवली असंच वाटलं. घरी आल्यावर मात्र मोरीत तोंड धुता धुता तिला रडू फुटलं.

रात्री पप्पूनं भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून बसला. आज फोटो निघाला, उद्या गाडीखाली माणूस निघंल, असं तो म्हणाला. वहीत रोज तार बराबर आहे म्हणून माझी सही असते, काही झालं तर नोकरी तर जाईलच, वर केस लागंल. कारभारी ताटावरून उठला, हात धुतला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. बोलायचं काम नेहमीसारखं उषाबाईवर आलं.

"मूग निघू दे, बैलं घरी येऊ दे," ती म्हणाली. "पोळ्यापर्यंत राहू दे रे, पप्पू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी सोता पक्कड धरते तुझ्याबराबर."

पप्पूनं हातातला तुकडा ताटात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून तो त्या जागेच्या वीस पावलं अलीकडच्या जाळीचा फोटो पाठवायला लागला. तिनं मागितलं आणि पोरानं दिलं, एवढीच ती गोष्ट. पण त्यानंतर दारात उभं राहून रस्त्याकडं बघताना उषाबाईला दर गाडीमागं धस्स व्हायचं.

बैलं दोन होती. बादशा आणि गुणा. बोगदा भरल्यापासून दोघं पलीकडं आखाड्यावरच अडकले होते. पत्र्याखाली उभं राहून राहून त्यांच्या खुरांत चिखल सडला आणि बादशा मागचा पाय टेकवीना. तेव्हा कारभारीनं तारेतली वाट आणखी रुंद केली आणि पहाटे, रस्ता मोकळा असतो त्या घडीला, दोघांना घरी आणलं. उषाबाई मधल्या पट्ट्यात उभी राहून पदर हलवत होती. खुरांना डांबर-चुना लावून, चार दिवस कोरड्यात बांधून, कपाशीच्या कोळपणीसाठी त्यांना तसंच परत नेलं. गुणा दोन्ही वेळेला सिमेंटवर पाय टाकायला बिचकला, त्याला ढकलावं लागलं. बादशा मात्र झटक्यासरशी गेला. ती त्याची लहानपणापासूनची वाट होती, महामार्ग तिथं नंतर आलेला. एका गाडीनं लांबून हॉर्न वाजवला तर त्यानं मान वळवून पाहिलंदेखील नाही. कारभारीला त्याचं कौतुक वाटलं. उषाबाईला ते काही आवडलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. कारभारीच्या घरात तिची एक रीत होती, त्याच्या आज्यापासून चालत आलेली. बैलांना रानातल्या विहिरीवर धुवायचं, खांद्याला हळद आणि लोणी चोळायचं, आणि कानात म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. मग वेसण, मोरकी, कासरा सगळं उतरवून टाकायचं. जुनी दोरी पुन्हा अंगाला लावायची नाही आणि नवी लागायची ती पोळ्याच्या सकाळी. मधल्या वेळात बैल मोकळा. तो आपल्या पायानं घरी येणार आणि मालक त्याच्यामागून चालणार. गावात बाकी कुणी एवढं पाळत नव्हतं, पण कारभारीचं एक वरीस चुकलं नव्हतं.

सकाळीच उषाबाई त्याला म्हणाली, की आजच्या दिवस कासरा राहू द्या, घरी आल्यावर काढा.

कारभारी लोण्याची वाटी फडक्यात बांधत होता. "पाव्हण्याला आवतण द्यायचं अन् नाकात दोरी घालून वढत आणायचं?" तो म्हणाला. "आपल्या घरात झालं न्हाई तसं."

तिनं जास्त ताणलं नाही. सणासुदीला कशाला तोंड वाजवायचं. मग असं ठरलं, की दिवस मावळता तिनं तारेपाशी यायचं, पट्ट्यात उभं राहायचं, रस्ता मोकळा झाला की पदर हलवायचा आणि मगच कारभारीनं बैलं सोडायची. त्या वेळेला रामप्रसादची जीप गस्तीवर नसते, हे पप्पूनं न विचारता सांगून ठेवलं होतं. दुपारभर तिनं डाळ निवडली, अंगण सारवलं, बैलांचे पाय धुवायला घागर भरून ठेवली. आकाश भोकरदनच्या बाजूनं काळंभोर होऊन येत होतं. दिवस असूनही घरात अंधारून आलं आणि ढगांच्या गडगडाटात दुसरं काही ऐकू येईना. तिनं चूल विझवली, डोक्यावर खोळ घेतली आणि दाराबाहेर पाऊल टाकलं, तर बादशा अंगणात उभा.

एकटाच. नाकात वेसण नाही, गळ्यात दावं नाही. खांदे पिवळेधमक आणि अंग धुतल्यामुळं कसं चमकत होतं. त्याला ना धाप लागली होती, ना त्याच्या डोळ्यात भय होतं. नेहमी कोंड्याची पाटी असायची त्या कोपऱ्याकडं त्यानं तोंड केलं आणि शेपटी हलवली.

उषाबाईनं त्याच्यामागं पाहिलं. गल्ली रिकामी होती. गुणा नाही, कारभारी नाही. तिला ओरडावंसं वाटलं पण ओरडायचं कुणाच्या नावानं हेच सुचेना. मग तिच्या हातांनी आपलं ठरलेलं काम केलं. घागर कलती करून तिनं बादशाचे पाय धुतले, कुंकू लावलं, भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडाशी धरला. त्यानं तो घेतला. पाय धुताना तिनं चारी पाय दाबून पाहिले, पोटाखाली हात फिरवला. कुठं खरचटलंसुद्धा नव्हतं. तेवढ्यात टपोरा पाऊस सुरू झाला आणि पावसाच्या आवाजातून रस्त्याकडून एक अँब्युलन्स केकाटत गेली, ती थांबली ती तिच्या दारासमोरच्या अंगालाच.

कारभारी आला तो दिवेलागणीला. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, एक चप्पल नाही. ओट्याच्या कडेला बसला आणि पाणी दे म्हणाला. तिनं तांब्या दिला. मग त्यानं थांबत थांबत सांगितलं. पाऊस येईल म्हणून धुणं लवकर उरकलं. दोऱ्या काढल्या. गुणाच्या कानात आवतण सांगत होतो, तवर बादशा चालायला लागला. वाटलं, तारेपाशी थांबल. दोन्हीकडची तार दुपारी जाताना मीच उघडी ठेवली होती. मागं पळालो तर चिखलात पाय रुतला.

"गाडी लई जोरात आल्ती," तो म्हणाला. "त्यानं बैलाला वाचवलं. चाक असं वळवलं अन् पट्ट्यात जाऊन दोन पलट्या खाल्ल्या. बादशानं मान सुदिक वर केली न्हाई."

माणसं होती का, तिनं विचारलं. होती, तो म्हणाला. मग तुम्ही गेलात का जवळ, असं तिनं विचारलं. कारभारीनं तांब्या खाली ठेवला. दुसऱ्या गाड्या थांबल्या, लोकं जमा झाली, एक पोरगी ओरडून राह्यली होती. मी कपाशीत बसून राह्यलो, तो म्हणाला. लोकांचं ध्यान गाडीकडं होतं तवर गुणाला आखाड्यावर नेऊन कोंडलं आणि लांबून रस्ता ओलांडून आलो. चाळीस वर्षांच्या संसारात तो एका वेळी एवढं बोलला नव्हता, आणि बोलून झाल्यावर आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडला.

पप्पू त्याच्यानंतर तासाभरानं आला. जाकीट काढून खुंटीला लावलं, पक्कड कोनाड्यात ठेवली. तिच्या पात्यांना नव्या तारेचा कीस लागला होता. माय, जेवायला वाढू नको, असं म्हणाला. फोन आला तेव्हा तो जवळच होता, रामप्रसादच्या जीपच्या आधी पोचला, आणि पोचल्याबरोबर पहिलं काम त्यानं केलं ते दोन्ही वाटा जोडायचं. गाडीतल्या माणसाला त्यानंतर पाहिलं.  चालवणारा जागेवर गेला होता. घनसावंगीचा, संपत नावाचा. शेजारी त्याची पोरगी, तिचा हात मोडला होता. ती सारखी म्हणत होती की पप्पा बैल म्हणून ओरडले. पोलिसांनी रस्ता पाहिला. पावसानं सगळं धुऊन नेलेलं. रक्त नाही, खुराची खूण नाही. तार पाहू म्हणाले, तर पप्पूनंच त्यांना बॅटरीच्या उजेडात दोन्हीकडची तार दाखवली. चांगली ताणून बसवलेली होती. मग काय, डुलकी लागली असं लिहिलं. या रस्त्यावर डुलक्या लागतातच, असं रामप्रसादपण म्हणाला.

"म्हणजे तुझं नाव न्हाई कुठं," उषाबाईनं विचारलं.

"न्हाई," पप्पू म्हणाला.

तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, आधी तिला बरंच वाटलं. देवापुढं दिवा लावताना हात जोडले ते त्यासाठीच. नंतर अंथरुणावर पडल्यावर त्या पोरीचं ओरडणं, जे तिनं ऐकलंही नव्हतं, ते तिच्या कानात बसलं.

पोळ्याला पाऊस उघडला. गावभर बैलं रंगली, शिंगांना हिंगूळ, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर झुली. मारुतीच्या पारापाशी वाजंत्री आलं. कारभारी अंगावर घोंगडी घेऊन पडून होता, कणकण आली म्हणे. गुणा पलीकडं आखाड्यात कोंडलेला. म्हणून पप्पूनंच बादशाची शिंगं रंगवायला घेतली. शेजारचा तातेराव ओट्यावरून डोकावून गेला, यंदा एकच बैल का म्हणून विचारलं, आणि उत्तर न ऐकताच आपल्या बैलांमागं धावला.

दुपारी पाराकडून पोरांचा घोळका आला आणि त्यांच्यामागं एक पोरगी. बावीस-तेवीस वर्षांची, डावा हात प्लास्टरमध्ये गळ्याशी बांधलेला, कपाळावर टाके, अंगात कुणाचा तरी सैल सदरा. बरोबर तिचा मामा. सगळ्या गल्लीनं दारोदार विचारत आली होती. गावानं तिला खरंच सांगितलं होतं, की आम्हाला काही माहीत नाही, आणि गावाला माहीत नव्हतंच. बैलाची काही खूण, असं कुणी विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती म्हणे, की मागच्या गाडीतल्या एका माणसाला अंधारात पिवळं काहीतरी हललेलं दिसलं होतं, पण ते काय होतं हे त्याला सांगता येईना. लोकांनी तिला आजूबाजूला पाहायला सांगितलं. शंभरावर बैलं पारापाशी उभी होती आणि सगळ्यांचे खांदे पिवळे होते.

उषाबाईच्या दाराशी तिनं पाणी मागितलं. उषाबाईनं तांब्या आणला. पोरगी ओट्यावर टेकली आणि एका हातानं तांब्या धरताना तिचं पाणी सांडलं, तेव्हा उषाबाईनंच तो तिच्या तोंडाला लावला. तिचं नाव प्रीती. मेहकरला नर्सिंगच्या मुलाखतीला गेल्ती, येताना हे झालं. पप्पांनी तीस वर्षं घनसावंगी-जालना काळी-पिवळी जीप चालवली, मावशी, ती म्हणाली, कधी कुणाला धक्का लागला नाही. शवविच्छेदन उरकायचं होतं, तोवर मामाला घेऊन इकडं आले.

"कागदावर डुलकी लिहिलीय," ती म्हणाली. "आई मला म्हणती, तू शेजारी बसून मोबाईल पाहून राह्यली होती. त्याच्याशी बोलत का न्हाई राह्यलीस? बोलत राह्यली असतीस तर तो झोपला नसता."

तिचा मामा दुसरीकडं बघायला लागला. प्रीती म्हणाली, मला कुणावर केस करायची नाही. मी मान खाली घालून होते, मला बैल दिसला नाही. फक्त कुणी एकानं सांगावं की होता.

पप्पू हातात हिंगुळाची वाटी घेऊन बादशापाशी उभा होता. तोच बोलला. अगदी शांत आवाजात बोलला. दोन्हीकडून तार आहे ताई, मी तिथंच कामाला आहे, रोज फोटो जातो वर. तिथं जनावर येणं शक्यच न्हाई. प्रीतीनं बादशाकडं पाहिलं. बादशा रवंथ करत होता. मग तिनं उषाबाईकडं पाहिलं आणि उषाबाईनं मान हलवली. हलवली म्हणजे कशी, हो की नाही, तिचं तिलाही कळलं नाही. प्रीतीला ते नाही वाटलं. ती उठली, तसं असंल मावशी म्हणाली, आणि वाकून उजव्या हातानं उषाबाईच्या पायाला हात लावून निघून गेली.

उषाबाई रिकामा तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. मोडक्या हाताची पोर, दवाखान्यात बापाचं प्रेत, आणि पाण्याच्या घोटासाठी आपल्या पायाला हात लावून गेली. आता ही घरी जाणार. आई आयुष्यभर हिला विचारत राहणार, की तू का बोलत नव्हतीस. आणि ही आयुष्यभर मान खाली घालून ऐकून घेणार.  तिनं तांब्या ओट्यावर ठेवला आणि चालायला लागली.

"माय," पप्पू मागून म्हणाला. "माय, जल्दी मागं फिर. पाव्हणे येणार हायेत परवा."

ती फिरली नाही. अनवाणीच गल्लीतून, बैलांच्या गर्दीतून, लोकांची अंगं बाजूला सारत ती गेली. पारापलीकडं गाडी उभी होती आणि मामानं ती चालूही केली होती. उषाबाईनं काचेवर थाप मारली. प्रीतीनं काच खाली घेतली.

"लेकी, तुझा बाप जागा होता," उषाबाई म्हणाली.

वाजंत्री जोरात होतं, तरी पोरीला ते ऐकू गेलं. ती दार उघडून खाली उतरली. उषाबाईनं सांगितलं. दोरी न लावलेला बैल सांगितला, त्याच्यामागं पळालेला नवरा सांगितला, आणि पोळ्यापर्यंत वाट राहू द्या असं आपणच म्हणालो होतो, तेही सांगितलं. त्यानं बैलाला वाचवलं, तुझ्याकडून काही चुकलं न्हाई, आईला असंच सांग, ती म्हणाली. प्रीती रडली नाही. चांगला हात तिनं गाडीच्या टपावर ठेवला. मग तिनं विचारलंच.

"पण काल पोलिसांनी पाहिली तर तार बंद होती, मावशी. ती नीट ठेवायचं काम कुणाकडं असतं?"

उषाबाईनं मागं पाहिलं. पप्पू गर्दीतून येऊन पारापाशी थांबला होता. तिथून त्याला यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण तो आईच्या ओठांकडं बघत होता.   पोरगी वाट बघत होती.

"माझ्या पोराकडं," उषाबाई म्हणाली. "त्यो तिथं उभा हाय."